ठळक वजन

परभणीच्या कापसाच्या जिनिंगमधल्या वजनपावत्यांचा प्रोग्रॅम आपल्याच हाती येणार, असं रंगनाथने धरूनच ठेवलं होतं. १९९३ साली दिनकररावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तोच सगळ्यांत जुना शिक्षक होता. पण चारठाण्याच्या भगवानराव मास्तरांची गीता पुण्याहून सी प्लस प्लस शिकून आली आणि ते काम तिला मिळालं.

पावतीवर एकाच ओळीत शेतकऱ्याचं नाव, गाव आणि वजन छापायचं होतं, त्यातलं फक्त वजन ठळक. नावं लहानमोठी, म्हणून वजनाची जागा दर ओळीला सरकायची. रंगनाथ डावीकडून अक्षरं मोजत बसला असता. गीताने ओळ मांडणारा एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र तुकडा, लिहिला. वजन कुठं सुरू झालं नि कुठं संपलं, हे तोच सांगायचा.

"लय सोपं केलंस की गं!" दिनकरराव म्हणाले. त्या दिवशी रंगनाथला घास गोड लागला नाही.

मग तो तिची चूक शोधायलाच बसला. लांबलचक नावं घालून पाहिली, काही बिघडेना. शेवटी त्याने वजनाची जागा मोकळी सोडली, तर ऑब्जेक्ट मागच्याच ओळीतली जागा सांगू लागला. सापडली! रंगनाथ हरखला, पण गीताला काही बोलला नाही.

जिनिंगवर प्रोग्रॅम दाखवायच्या दिवशी काटा अडकला आणि एका गाडीचं वजन नोंदलंच गेलं नाही. पावतीवर 'पोखर्णी' या गावाच्या नावातलं 'खर्णी' काळंभोर उमटलं.

"पोरी, गावाचं वजन करायलीस का?" जिनिंगचे मालक किशनराव हसले. गीताचा चेहरा उतरला. रंगनाथला आतून गार वाटलं. तेवढ्यावर थांबला असता तर निभलं असतं, पण त्याला राहवलं नाही.

"वजन मोकळं हाय ना, म्हणून मागच्या ओळीची जागा धरलीय," तो मोठ्याने म्हणाला.

गीताने मान वर केली. "सर, स्क्रीनकडं न बघताच समजलं तुमाला?"

रंगनाथ उगाच प्रिंटरचा कागद सारखा करू लागला. नवी ओळ मांडायच्या आधी मागची जागा पुसून टाकायची, एवढी दुरुस्ती तिने तिथंच बसून केली.

सोबत आलेल्या दिनकररावांना मात्र भलतंच कौतुक वाटलं. "रंगनाथ, तुमची नजर बारीक हाय. इथून पुढं गीताचं समदं काम तुमीच तपासायचं."

तेव्हापासून प्रोग्रॅम तिचे आणि तपासणी त्याची. तो अजून चुका शोधतो, हल्ली सांगतोही. "बरं झालं सर, तुमी बघितलं," असं ती मनापासून म्हणते, आणि ते त्याला दिनकररावांच्या कौतुकापेक्षा जास्त झोंबतं.