वकिलाने घेतलेली शपथ

सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भिकुबाईच्या नवऱ्याने, हिलालनानांनी, चुलतभावावर दावा लावला होता. अडुसष्टच्या उन्हाळ्यात नाना क्षयाने गेले. भिकुबाईनेही अंथरूण धरलं आणि दाव्यात नानांच्या जागी तिचं नाव लावायची मुदत टळली. उशीर माफ व्हावा म्हणून वकिलाने अर्ज केला. पण प्रतिज्ञापत्रावर तिचा अंगठा घ्यायचा सोडून स्वतःच शपथ घेऊन सही ठोकली.

धुळ्याच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "बाई आजारी होती, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही साहेब, तिनेच सांगितलं."

"मग शपथ तिने घ्यायला हवी होती."

अर्ज फेटाळला गेला आणि दावाही नानांबरोबरच संपला.

वकिलाने व्हरांड्यात येऊन हे सांगितलं, तेव्हा सकाळपासून तिथेच भिंतीला टेकून बसलेली भिकुबाई एवढंच म्हणाली, "भाऊ, मी त आठेच बठेल व्हतू. माले कोणी इचारं नही."

चुलतदिराने विहिरीचं पाणी तोडलं. पुढच्या वैशाखात नानांची लिंबाची बाग उभी वाळली. भिकुबाईने त्या झाडांना दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कुऱ्हाड घेऊन एकेक झाड तिने स्वतःच पाडलं, आणि त्याच सरपणावर भाकरी भाजली.