दुर्बीणवाले गृहस्थ

निफाडच्या बसमध्ये शेजारचे गृहस्थ दुर्बिणीच्या काचा पुसत होते. पक्षी बघायला निघाले होते. द्वारका चौकात बस गर्दीत अडकली आणि त्यांचा फोन वाजला. कंपनीचा सर्व्हर बंद पडला होता. त्यांच्या जागी मी असतो तर बसमधून उडीच मारली असती.

"रीस्टार्ट नको. आधी लॉगमधल्या शेवटच्या नोंदी वाचून दाखवा," ते म्हणाले. मग, "डिस्क भरलीय. जुने लॉग दुसरीकडे हलवा. पुसू काही नका."

काचा पुसणं चालूच.

मला राहवेना. "डेटा गेला तर?"

"बॅकअप आहे."

"तो ऐनवेळी चालेल कशावरून?"

"काल दुसऱ्या मशीनवर चढवून पाहिला," ते हसले. "नाहीतर आज घरातून निघालोच नसतो."

निफाड येईपर्यंत सर्व्हर सुरू झाल्याचा निरोप आला होता. त्यांनी फोन बॅगेत टाकला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि उतरले.