जेऊरच्या आधी मुंबई

सोलापूर ते मुंबई विमानाने जेमतेम तासाभराचा रस्ता. हवेतलं अंतर रेल्वेपेक्षा पुष्कळ कमी, हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आन् मग मधली गावं कुटं जात्यात?" असं विचारून मोबाईल परत दिला.

आई गेल्यावर ते एकटेच राहत होते. मी बरेच दिवस मागे लागले, तेव्हा कायमचं माझ्याकडे मुंबईला यायला कबूल झाले. गुडघ्यांना रेल्वेच्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून मी विमानाची तिकिटं काढली आणि स्वतःवरच खूश झाले.

लहानपणी आम्ही मुंबईला मावशीकडे दिवसाच्या गाडीने जायचो. आई सोलापुरी टॉवेलात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदे बांधायची. घरचा नियम असा, की जेऊर स्टेशन मागं पडल्याशिवाय गाठोडं सोडायचं नाही. तिथवर आपलाच जिल्हा, आणि आपल्या जिल्ह्यात कसली आलीय शिदोरी, असं आईचं म्हणणं. मोहोळ जायचं, माढा जायचं, कुर्डुवाडी जायची. मी भुकेने कळवळायची आणि आई ढिम्म. जेऊर गेलं की अण्णा खिडकीतून मान आत घेऊन म्हणायचे, "सुटलं सोलापूर." मग आई गाठ सोडायची. तशी चटणी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. आई फार आठवते.

विमानाच्या दिवशी अण्णांच्या हातात तसंच गाठोडं. भाकरी दुकानातली, टॉवेल मात्र आईचा. विमान सुटताना हवाईसुंदरीने ते सीटखाली ठेवायला लावलं, तर ती वळताच अण्णांनी परत मांडीवर घेतलं. नाक खिडकीला लावून बसले.

"जेऊर गेलं का गं?"

"अण्णा, इथून काय स्टेशनची पाटी दिसणार आहे?" मी हसत म्हणाले.

तेवढ्यात मुंबईला उतरत असल्याची घोषणा झाली. अण्णांचा हात गाठीवर तसाच राहिला.

"आगं, पण सोलापूर सुटलं कवा?"

मी त्यांच्यापुढून वाकून खिडकीतून खाली पाहिलं.

घरी आल्यावर त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "सोडा की आता गाठोडं. मुंबई आली."

"तुजी आली," ते म्हणाले. "माजं जेऊर अजून न्हाय आलं."

ते गाठोडं स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, त्यामुळे मला घाई नाही. सकाळी चहा देताना विचारते, "कुठवर आलो, अण्णा?" बरेच दिवस मोहोळच होतं.

परवा बशी खाली ठेवून म्हणाले, "कुर्डुवाडी आली की."