सलाईनचं चाक

आमच्या भूमकडं डॉक्टर हुशार की नाही, हे त्यानं लावलेल्या बाटल्यांवरून ठरतं. हातपाय गळाले, लावा सलाईन. घेरी आली, लावा सलाईन. आणि सलाईन हळू टिपकायला लागली की कुणीतरी शहाणा उठून नळीवरचं चाक सैल सोडतो. या शहाणपणाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

माझे चुलते, आप्पा, पोट आणि कंबर दुखतेय म्हणून धाराशिवला आले. तिथल्या अतिदक्षता विभागात मीच डॉक्टर. तपासणीत दिसलं, पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आलाय आणि तो झिरपायला लागलाय. ऑपरेशन सोलापूरलाच होणार होतं. तोवर रक्तदाब मुद्दाम कमी ठेवायचा असतो. फुटल्या जागी रक्ताची गाठ धरलेली असते. दाब वाढला की ती निसटते. आप्पा शुद्धीवर होते, बोलत होते. मी सलाईन जेमतेम चालू ठेवली.

"आगं, सख्ख्या चुलत्याला सलाईन द्यायला बी हात आखडतीस व्हय?" काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या.

मी चुलतभावाला बाजूला घेतलं. "फुटक्या पाईपाला फडकं बांधल्यावर तू मोटर जोरात सोडशील का?" त्यानं मान हलवली. मला वाटलं, याला तरी कळलं.

अँब्युलन्समध्ये तुळजापूरच्या पुढं सर्जनचा फोन आला. रक्ताची तयारी सांगायची होती, आवाज नीट येईना, म्हणून मी पुढच्या खिडकीकडं तोंड केलं. तेवढ्यात भावानं चाक पूर्ण सोडलं आणि वर दोन्ही हातांनी बाटली पिळत बसला. मी वळले तर गडी खुशीत.

"ताई, बघ की, आप्पाला तरतरी आली!"

मॉनिटरवर दाब चढत होता. मी झडप घालून चाक बंद केलं. आप्पांनी पोट धरलं. "लई दुखायलंय गं," एवढंच म्हणाले. सोलापूर यायच्या आत गेले.

तेराव्याला मांडवात एकच बोलणं. पुतणीनं सलाईन बंद केली, म्हणून माणूस गेला. भाऊ तिथंच बसून ऐकत होता.

दुपारी काकूंना घेरी आली. गावातल्या डॉक्टरनं आप्पांच्या टोपीच्या खुंटीलाच बाटली टांगली आणि चाक मोकळं सोडून निघून गेला. बाटली भराभर उतरली, तसं छातीत पाणी साठून काकूंना धाप लागायला लागली. मी चाकाकडं हात नेला, तर भावानंच माझं मनगट धरलं.

"ताई, तू न्हाय हात लावायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या.