काट्यावरची कयाक

एकाच ऑफिसात वर्षानुवर्षं तीच माणसं बसली की किस्से आपोआप साचतात. त्यातून ऑफिस सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातलं असेल तर बोलायलाच नको. कापसाचा तंतू जसा केसात, चहात, डब्यात कुठेही सापडतो, तसे हे किस्सेही सापडतात. आमच्या हिंगणघाटच्या जिनिंगमधले बरेचसे मालकांचे आणि मशीनचे. यंदाचे मात्र सगळेच्या सगळे एका नावेचे निघाले. हवा भरायची नाव, कयाक!

ती घ्यायची होती उईकेभाऊंना. भाऊ आमच्या वजनकाट्यावर बसतात, कापसाच्या गाड्या तोलतात. त्यांचं गाव धरणात गेलं. वहिनी ज्यांना मामाजी म्हणायच्या त्या सासऱ्यांचं घरही गेलं, आणि तेव्हापासून वहिनींनी तो रस्ताच टाकला. माहेरी जायचं तरी देवळीकडून लांबचा फेरा घेतात. भाऊंच्या डोक्यात एकच बसलं होतं, "एक डाव तिले गावावर नेतो. गुडघे चालले तिचे. आता नाई तं कधीच नाई."

मासेमारांच्या फुगवलेल्या टायरट्यूबवर मांडी घालून बसणं वहिनींना जमणारं नव्हतं. पाठ टेकायची सीट हवी, म्हणून कयाक.

*

भाऊंनी कंपनीला फोन लावला तो आमच्यासमोर, स्पीकरवर. पलीकडची मुलगी हिंदीत फार गोड बोलत होती.

"सर, चलाएंगे कहाँ? नदी में, झील में?"

"गाँव में," भाऊ म्हणाले.

"गाँव में पानी है, सर?"

"पूरे गाँव में!"

आम्ही फस्सकन हसलो, आणि लगेच गप्पही झालो. त्या बिचारीला काहीच उलगडलं नाही. तिने पुढचा प्रश्न घेतला, "और सर, आप करते क्या हैं?"

"मैं काँटे पे बैठता हूँ."

मग घाबरलेला आवाज आला, "सर, प्लीज़, काँटे पे मत बैठिए! पंक्चर की वॉरंटी नहीं मिलेगी!"

*

मग ठरलं की वस्तू डोळ्यांनी पाहूनच घ्यायची. नागपूरच्या दुकानात भाऊ, मी आणि आमचा ग्रेडर भोयर, असे तिघं गेलो. ग्रेडर म्हणजे कापसाचा तंतू, ओलावा पारखणारा माणूस. भोयरच्या हातात रुमाल आला तरी तो आधी चिमटीत धरून ओढून बघतो.

दुकानदाराने पंप लावला. पोत्याएवढ्या घडीतून बघता बघता अख्खी नाव उभी राहिली. मी इतका थक्क झालो की हातातला चहा तसाच गार झाला. भोयर मात्र तिचा काठ चिमटीत धरून रगडत होता.

"माल मजबूत हाये," तो म्हणाला. "भैया, इसमें ओलावा कितना है?"

"ओलावा?"

"मॉइश्चर, मॉइश्चर!"

दुकानदाराने आमच्या एकेकाकडे पाहिलं. "अंकल, नाव है. गीली तो होगी ही!"

*

त्याच दुकानातली गोष्ट. दुकानदाराने एक लांब, निमुळती कयाक पुढे केली आणि तिच्या स्पीडचं कौतुक सुरू केलं. "सबसे पहले पहुँचेंगे, अंकल!"

भाऊंनी तिला हातसुद्धा लावला नाही. "पोचाचं नाई मले," ते मराठीतच म्हणाले. "मले थांबाचं हाये."

मग त्यांनी रुंद कयाक निवडली. बुडालेल्या बाभळींचे खुंट असतात म्हणून तळ जाड, आणि हवेचे कप्पे वेगवेगळे, एक फुटला तरी बाकीचे तारून नेतील असे. सीट सरकवल्या की एकटा, दोघं, नाहीतर तिघं बसणार. घडी करून मोटरसायकलवर बांधता येणार. एवढं सगळं एकाच नावेत! माणसाने काय काय करून ठेवलं आहे, असं वाटून मी तिच्याभोवती नुसता फिरत राहिलो.

*

जिनिंगमध्ये आलेली कुठलीही वस्तू आधी काट्यावर जाते. कयाकही गेली. किती माणसं पेलते ते बघायला आम्ही तिथेच तिच्यात हवा भरली आणि मी, भोयर आणि वॉचमन आत बसलो. हौसेने वल्हीही धरली. नेमके तेव्हाच मालक आले.

ट्रकच्या काट्यावर त्यांची तीन माणसं कोरडी वल्ही मारत होती. मालक जागच्या जागी थांबले. मग काट्यावरच्या प्रत्येक गाडीला विचारतात तेच सवयीने विचारलं, "भरलेली हाये का खाली?"

केबिनच्या खिडकीतून भाऊंचा नेहमीचा आवाज आला, "भरलेली, शेठ. हवा!"

*

नवी गाडी म्हटल्यावर पूजा आलीच. हळदकुंकू झालं, हार झाला. चाकाखाली लिंबू ठेवायचा, तर चाकच नाही! मग भोयरने नारळ उचलला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत नावेच्या नाकावर हाणला. नारळ टणकन उडाला तो थेट त्याच्या पायावर! भोयर एका पायावर नाचत होता आणि भाऊ नाकावरून हात फिरवत होते, नावेच्या.

"ओरखडा नाई पडला!" भाऊ म्हणाले. "पास झाली!"

*

धरणावरच्या मासेमार संस्थेची परवानगी काढली आणि एका सकाळी निघालो. पाण्याच्या काठापर्यंत वहिनी "मी नाई येत" हेच म्हणत होत्या. भाऊंनी काही समजावलं नाही, फक्त सीट नीट केली. वहिनी बसल्या. पुढे मी वल्हं घेऊन, मध्ये त्या, मागे भाऊ.

एवढं मोठं पाणी आणि एवढं शांत. मला मोठ्याने श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. वहिनी काठावरच्या टेकडीकडे बघायच्या, मग पाण्याकडे.

"डाव्या हातानं घ्या," त्या एकदम म्हणाल्या. "समोर विहीर हाये."

समोर सपाट पाणी होतं. तरी मी विहिरीला वळसा घातला. मागून भाऊंनीही वल्हं वळवलं.

थोडं पुढे गेल्यावर वहिनींनी हात वर केला. आम्ही थांबलो.

"आलं काय व घर?" भाऊंनी विचारलं.

वहिनींनी लाइफ जॅकेटमध्ये अडकलेला पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. वाकून चपला काढल्या, हातात धरल्या.

"हळू बोला जी," त्या म्हणाल्या. "मामाजी ओट्यावर बसले असन."