आठवी कडी

आमच्या बेदाणा शेडवर लिंबू-मिरची टांगायला येणाऱ्याला मी चहा पाजून वाटेला लावते. बी.एस्सी. केलंय, केमिस्ट्री घेऊन... दृष्ट, बाधा, अंगात येणं, असलं काही माझ्यापुढं चालत नाही. तरीही हे लिहायला बसलेय, कारण गेलं वर्षभर माझ्या हातांना चैन नाही.

आमचं गाव कुंडल, शेड तासगाव रोडला. माझे मिस्टर हवाई दलात मालवाहू विमानावर लोडमास्टर आहेत — एएन-३२, दोन पंख्यांचं. विमानात माल कुठं ठेवायचा, कसा बांधायचा, हे त्यांचं काम. डोंगरातल्या चौक्यांसाठी रेशन, डिझेल, औषधं, काय काय असतं. माझे सासरे आप्पा हेच काम करून रिटायर झाले. गंमत म्हणजे विमानही तेच, शेपटीवरचा नंबरसुद्धा तोच. बाप उतरला, पोरगा चढला, विमान आपलं उडतंच आहे. लोकांना कौतुक वाटतं. मला मात्र त्या म्हाताऱ्या विमानाचा राग येतो. हे उडाले की दोन-दोन दिवस फोन लागत नाही आणि मी शेडवर ज्याच्या-त्याच्यावर खेकसत असते.

आप्पांची एक शिस्त होती. बांधाबांधीला दोन माणसं. एकानं पट्टा ताणून धरायचा, दुसऱ्यानं तो विमानाच्या तळातल्या कडीत अडकवायचा. बांधणारा म्हणणार 'धर', दुसऱ्यानं म्हणायचं 'धरलं'. आणि बांधणाऱ्यानं 'सोड' म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. घरची ट्रॅक्टर-ट्रॉली बांधतानाही हाच कायदा. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी एकदा आधीच दोर सोडला होता, तर आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना झटका आला. मिरजेला महिनाभर ठेवलं. जीव वाचला, पण वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. शेडच्या दारात खुर्चीवर दिवसभर बसून राहायचे. एक शब्द नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. ट्रॉलीत बेदाण्याचे क्रेट भरून, दोरानं आवळून तयार होते. व्यापाऱ्याचे फोनवर फोन चाललेले. इतक्यात आप्पा उठले. पाय ओढत ट्रॉलीपाशी गेले आणि डाव्या हातानं दोर सोडायला लागले. सगळाच सोडला.

आमचा ड्रायव्हर शिवादादा म्हणाला, "वैनी, आप्पास्नी आवरा की. ह्ये परत कोन बांधनार?"

मी तणतणत गेले. आप्पांनी दोराचं टोक माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, "धर."

दोन वर्षांनी पहिला शब्द... आणि तोही स्वच्छ. मी सवयीनं म्हटलं, "धरलं."

ट्रॉलीच्या कडेला कड्या आहेत सहा. आप्पा एकेकीवर बोट ठेवत मला मागं नेत गेले. सहा संपल्या तरी थांबेनात. ट्रॉली संपली, पुढं मोकळं अंगण. तिथं मान हलवून म्हणाले, "सातवी न्हाई." आणखी एक पाऊल मागं. "आठवी." दुसरं टोक त्यांच्या डाव्या मुठीत, अन् मी तिथं, भर उन्हात, हवेत दोर ताणून उभी. शिवादादा तोंड फिरवून हसत होता. तेवढ्यात मोबाईल वाजला. व्यापारीच. मी वैतागले, दोर टाकला आणि फोन घेतला.

आप्पा गुडघ्यांवर बसले. मातीतनं माझं टोक उचलून माझ्यापुढं धरलं. डोळ्यांत पाणी. मला माझीच लाज वाटली. फोन कट केला, दोर घेतला, परत ताणला. पाच-दहा मिनिटं तरी. पलीकडून अशी ओढ की माझे तळहात सोलले. त्या एका हातात एवढा जोर कुठला? मग आप्पा एकदम गळाले. शिवादादानं उचलून त्यांना खुर्चीत बसवलं.

संध्याकाळी यांचा फोन आला. आवाज वेगळाच.

"आगं, येक सांगतो. हसू नगंस." म्हणाले, "जनरेटर न्यायचा हुता. समदा बांधून झालेला. जोडीदार कागदावर सही घ्यायला गेला आन् माझं हात काय स्वस्थ बसंनात. सातव्या कडीतला पट्टा काढला, आठवीत घालायला लागलो. सवयीनं तोंडातनं 'धर' गेलं... आन् पट्टा पलीकडनं कुनीतरी ताणून धरला बग. मधी येकदा ढिला पडला. म्हटलं जाऊ दे, सातवीतच ऱ्हाऊ दे. तर परत ताणला. बगतो तर तिकडं कोन न्हाई."

"मग?"

"उतरल्यावर सातव्या कडीला पायानं रेटलं. निखळूनच आली."

वर असताना जनरेटर मागं सरकला असता तर शेपूट खाली बसून विमान कोसळलं असतं. मी वेळ विचारली. अकराच्या सुमाराची.

मी आप्पांचं सगळं सांगितलं. फक्त मधे दोर टाकला होता, ते अजून सांगितलेलं नाही. इथंच पहिल्यांदा लिहितेय.

डॉक्टर म्हणतात, गेलेले शब्द असे कधीतरी येतात. येत असतील. विमानात कुठल्या कड्या कुठं, हे आप्पांना पाठच असणार, तेही कबूल. पण त्या पट्ट्याला पलीकडनं कुणाचा हात होता, याचं उत्तर माझ्या केमिस्ट्रीत नाही, कुणाकडंच नाही.

त्या दिवसापासून आप्पा परत गप्प आहेत. हे अजून त्याच विमानावर आहेत. ते उडालेत म्हणून कळलं की माझ्या मुठी आपोआप आवळतात, भाकरी थापतानासुद्धा. त्या दिवशी आप्पांनी मला 'सोड' म्हटलंच नव्हतं ना... परवा न राहवून त्यांच्यापुढं बसले आणि विचारलं, "आप्पा, आता सोडू का?"

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून.