काट्याची पूजा झाली आणि नेट गेलं

सोमवारी महागावकडच्या आमच्या कापूस खरेदी केंद्राचा मुहूर्त होता. मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय...

पहिली गाडी फुलसावंगीच्या सुमनकाकूंची. रीतीप्रमाणे वजनकाट्याची पूजा झाली, काकूंना साडी-नारळ दिला, फोटो निघाले. मग काटाघरातल्या कॉम्प्युटरला आणि नेटच्या स्विचलाही हळद-कुंकू वाहून झेंडूचा हार घातला, त्याचेही फोटो काढले.

पाहुणे गेले आणि काटाघरातलं नेटही गेलं. नेट नाही तर ऑनलाइन नोंद नाही, नोंद नाही तर माप नाही. बाहेर व्यापारी हमीभावाच्या कितीतरी खाली मागतायत, त्यामुळे गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत... आणि वर आभाळ भरून आलेलं.

नेट सांभाळणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आमच्याकडून सगळं ओके दिसतंय, म्हणे. दिसणारच. ऑफिसातला मेन स्विच चालूच होता, बंद होता तो त्यातून काटाघराकडे येणारा पोर्ट. केबल दुसऱ्या पोर्टात लावून पाहिली, तर रिकामे पोर्ट सेफ्टीसाठी त्यांनीच बंद ठेवलेले. पासवर्ड त्यांच्याकडे, आम्ही फक्त हार घालायचे धनी.

शेवटी काटाघरात येऊन तो हार बाजूला सारला आणि कपाळावर हात मारला. एकाच केबलची दोन्ही टोकं त्या एकाच स्विचमध्ये... फोटोत लोंबती वायर वाईट दिसते म्हणून आमच्या साहेबांनी ती रिकाम्या भोकात खुपसली होती. असं केलं की डेटा तिथल्या तिथे गोल फिरत राहतो, आणि मेन स्विच ते ओळखून पोर्टच बंद करतो. मी टोक उपसलं. पण बंद झालेला पोर्ट पासवर्डशिवाय उघडत नाही.

परत फोन. तक्रार नोंदवली आहे, उद्यापर्यंत होईल... तेवढ्यात ग्रुपवर काकूंचा हसरा फोटो आला, खाली 'खरेदीचा शुभारंभ'. आणि काकू माझ्यासमोर काळजीने काळवंडून उभ्या.

"काहून थांबून राह्यले, माय? कापूस भिजला तं घेतीन का हे?"

नसता घेतला. ओला कापूस इथून सरळ परत जातो.

माझा तोल सुटला. फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, ते 'उद्या' तुम्हीच या बाईंना सांगा.

काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पानी येऊन राह्यलं. तुले जमत असन तं आत्ताच कर नं."

तिकडून कीबोर्डची खटखट... आणि नेट आलं. मिनिटभराचं काम होतं. ते कळल्यावर तर मी आणखीच पेटले.

काकूंची गाडी शेडमध्ये रिकामी होत असताना थेंब पडायला लागले. मागच्यांनी घाईघाईने ताडपत्र्या ओढल्या. काकूंच्या संयमाचे आभार मानावेत असं फार वाटतं, पण आमच्या चुका त्यांच्या संयमावर कधीपर्यंत खपवायच्या, याची लाजही वाटते.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या साली पयला नंबर मले देऊ नोको, बाई. साडी दे दुसऱ्या कोनाले... माहा कापूस तेवढा मोजून घे."